नवी ॲसेला २५७ च्या वेगाची, मग न्यूयॉर्क-वॉशिंग्टनचा वेळ का कमी होत नाही?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलाय. विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ऑगस्ट २०२५ मध्ये ॲमट्रॅकने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेने, नव्या ॲसेला गाड्या सुरू केल्या. ताशी २५७ किलोमीटर, देशातली सगळ्यात वेगवान गाडी अशी जाहिरात झाली. पण न्यूयॉर्क ते वॉशिंग्टनला अजूनही पावणेतीन तासांच्या आसपास लागतातच. मग एवढे अब्जावधी डॉलर गेले कुठे? भारतात वंदे भारतबद्दलही लोक हेच विचारतात, तर दोन्हीकडचं दुखणं एकच आहे का?

दुखणं एकच आहे. मी रूळमार्गाचा माणूस. उमेदीची वर्षं मध्य रेल्वेच्या घाट सेक्शनमध्ये गेली आणि पुढची अमेरिकेच्या ईशान्य कॉरिडॉरवर, म्हणजे बोस्टन-न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर, वळणं, खडी आणि पॉइंट्स (गाडीला एका रूळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) मोजण्यात. दोन्हीकडे पाहिलं ते हेच, की कमाल वेगाची बातमी होते आणि वेळापत्रक ठरतं ते मार्गावरच्या सगळ्यात मंद जागांवर.

आकडेमोड करून बघा. समजा पन्नास किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. जुनी ॲसेला तिथे २४१ ने जायची, तिला जेमतेम साडेबारा मिनिटं लागायची. नवी २५७ ने जाते, तिला अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागतात. वाचलं काय, तर पाऊण मिनिट. आता दुसरीकडे बघा. गाडी २०० ने येतेय, पुढे एक किलोमीटरचं वळण आहे आणि तिथे मर्यादा ८० ची. प्रवाशांना हिसका बसणार नाही असा नेहमीचा ब्रेक धरला तर वेग उतरवायला अडीच किलोमीटर जातात, आणि वळण संपल्यावर परत २०० गाठायला चार किलोमीटरच्या वर. ब्रेक, वळण आणि पुन्हा वेग घेणं, तिन्हींची बेरीज केली की या एका जागेपायी सुमारे ८० सेकंद जातात. म्हणजे पन्नास किलोमीटर धावून नव्या गाडीने जे कमावलं त्यापेक्षा जास्त एका वळणावर गमावलं. अशा जागा या मार्गावर डझनांनी आहेत.

हे आजचं नाही. १९६५ साली अमेरिकन संसदेने वेगवान जमीन-वाहतुकीचा कायदा केला आणि त्यातून मेट्रोलायनर नावाच्या विजेच्या गाड्या आल्या. १९६७ मध्ये न्यू जर्सीत प्रिन्स्टन जंक्शनजवळच्या सरळ पट्ट्यावर त्यांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा वेग ताशी २५० किलोमीटरपर्यंत गेला होता. जानेवारी १९६९ मध्ये सेवा सुरू झाली, आणि त्यातल्या मध्ये कुठेही न थांबणाऱ्या गाडीचं न्यूयॉर्क-वॉशिंग्टन वेळापत्रक अडीच तासांचं होतं! रूळांना आणि तारांना ते झेपलं नाही, त्यामुळे फार टिकलं नाही. पण पन्नासहून जास्त वर्षांनी, तीन पिढ्या पुढची गाडी आणूनही आपण त्या अडीच तासांच्या मागेच आहोत. गाडी बदलली, मार्ग बहुतांशी तोच राहिला, एवढंच याचं कारण.

ॲमट्रॅकची जन्मकथाही ध्यानात घ्यायला हवी. खासगी रेल्वे कंपन्या प्रवासी गाड्यांपायी तोट्यात गेल्या होत्या, म्हणून सरकारने १ मे १९७१ पासून त्या गाड्या एका महामंडळाकडे सोपवल्या. गाड्या आल्या, रूळ आले नाहीत. आजही ॲमट्रॅकच्या गाड्या जेवढं अंतर धावतात त्यातलं सुमारे ७० टक्के दुसऱ्याच्या, मुख्यतः मालवाहू कंपन्यांच्या, रूळांवर होतं. कायद्याने प्रवासी गाडीला अग्रक्रम आहे. पण समोरची मालगाडी इतकी लांब असते की ती लूपमध्ये, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या जोडरूळात, मावतच नाही, आणि मग प्रवासी गाडी बाजूला उभी राहते. अशा रूळांवर बहुतेक ठिकाणी ताशी १२७ च्या पुढे बोलायची सोय नाही. वेगाच्या बाबतीत ॲमट्रॅकच्या हातात खरं म्हणजे एकच मार्ग आहे, बोस्टन ते वॉशिंग्टनचा ७३५ किलोमीटरचा ईशान्य कॉरिडॉर, आणि त्यातला बराचसा भागही तिला १९७६ मध्ये, रूळांची जुनी मालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर मिळाला.

आता या मार्गावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ.

बाल्टिमोरच्या पश्चिमेला जमिनीखाली एक बोगदा आहे. १८७३ चा, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, आत वळण आणि चढ दोन्ही, पाणी झिरपतं. वेग ताशी ४८. वॉशिंग्टनहून निघालेली २०० च्या वेगाची गाडी इथे सायकलवाल्यांना हेवा वाटणार नाही इतकी हळू होते. याला पर्याय म्हणून फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने नवा बोगदा खणायला घेतलाय, त्यातून १६० च्या आसपास जाता येईल. नुसत्या बोगद्यातच दोन मिनिटं वाचतील, अलीकडे-पलीकडे ब्रेक आणि वेग घेण्यातले सेकंद वेगळे. एका गाडीमागे दोन-तीन मिनिटं वाचवायला अब्जावधी डॉलर लागतात हे ऐकून लोक डोक्याला हात लावतात. पण दीडशे वर्षांचा बोगदा कधीतरी बदलावा लागणारच आहे, वेग हा त्यातला वरचा फायदा.

पुढे फिलाडेल्फियाच्या वेशीवर फ्रँकफर्ड जंक्शन. इथलं वळण चार अंशांचं, म्हणजे त्रिज्या साधारण ४३७ मीटर. मर्यादा ८० किलोमीटर. १२ मे २०१५ च्या रात्री न्यूयॉर्ककडे जाणारी १८८ क्रमांकाची गाडी या वळणात ताशी १७० च्या आसपासच्या वेगाने शिरली आणि रूळांवरून उतरली. आठ माणसं गेली. वळणाचं गणित वेगाच्या वर्गावर चालतं. वेग ८० चा १७० झाला की गाडीला बाहेर ढकलणारं बल दुप्पट नाही, साडेचारपट होतं. चालकाचं भान सुटलं तर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा उलट दिशेच्या रूळावर होती, या दिशेच्या रूळावर त्या जागी नव्हती. त्याच वर्षअखेरीपर्यंत ॲमट्रॅकने आपल्या मालकीच्या कॉरिडॉरवर ती यंत्रणा पूर्ण केली. वळण आजही तिथेच आहे. ते सरळ करायचं तर वस्ती हटवावी लागेल.

वर्गाचं हे गणित एकदा समजलं की हायस्पीड म्हणजे काय ते आपोआप उलगडतं. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवून, म्हणजे कॅन्ट देऊन, आणि प्रवाशाला सहन होईल तेवढा बाजूचा ओढ मान्य करून, एक किलोमीटर त्रिज्येच्या वळणावर १६० पर्यंत कसंबसं जाता येतं. तेच ३२० ने जायचं तर त्रिज्या चार किलोमीटर लागते. दुप्पट वेग, चौपट त्रिज्या. चार किलोमीटर त्रिज्येचं वळण जुन्या शहरांमधून, नदीकाठाने, घरांच्या रांगांमधून बसवता येत नाही. म्हणूनच ज्यांनी खरी हायस्पीड रेल्वे केली, त्यांनी नवीन जमीन घेतली.

फिलाडेल्फियानंतर ट्रेंटन, आणि मग न्यू जर्सीतला तो सरळ पट्टा. एडिसनच्या मंडळींनी मेट्रोपार्क स्टेशनला उभं राहून भरधाव गाड्या जाताना पाहिल्या असतील. इथे वळणांचा त्रास कमी, त्रास होता तो वरच्या तारेचा. हे जरा जवळून सांगतो, कारण यावर कोणी लिहीत नाही.

न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडचं विद्युतीकरण पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९३० च्या दशकात केलं. तारा दोन्ही टोकांना पक्क्या बांधलेल्या. तांब्याचा स्वभाव असा, की तापमान ३० अंशांनी वाढलं की किलोमीटरमागे अर्धा मीटर लांबतं. टोकं पक्की असतील तर ही वाढलेली लांबी जाणार कुठे? तार खांबांच्या मधोमध खाली झुकते. खालून पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा गाडीच्या टपावरचा सांगाडा, २०० च्या वर वेगाने येतो, झोल आला की दाबला जातो, खांबापाशी उसळतो, संपर्क तुटतो, ठिणगी पडते. फारच बिघडलं तर पेंटोग्राफ तारेत अडकतो आणि किलोमीटरभर तार ओढून खाली आणतो. त्या दिवशी मग न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया सगळी वाहतूक बंद. म्हणून न्यूयॉर्कच्या दक्षिणेला जुन्या ॲसेलाला बहुतेक ठिकाणी २१७ चीच परवानगी होती, आणि कडक उन्हाळ्यात त्याहून कमी.

भारतात राहिलेल्यांनी याचं उत्तर रोज पाहिलेलं आहे, फक्त लक्ष दिलेलं नसेल. आपल्याकडे २५ हजार व्होल्टच्या मार्गावर ठरावीक अंतराने एखाद्या खांबाला वजनांची उतरंड लटकलेली दिसते. तारेचं टोक पुलीवरून त्या वजनांना बांधलेलं असतं. ऊन वाढलं, तार लांबली, की वजनं खाली सरकतात आणि ताण तसाच राहतो. थंडीत वजनं वर चढतात. नागपूरचा मे आणि जानेवारी एकाच तारेवर निभावतात ते यामुळे. न्यू ब्रन्सविक ते ट्रेंटन भागात हे काम करण्यासाठी ॲमट्रॅकला २०११ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर झाले, आणि चालू मार्गावर, रोजच्या गाड्या न थांबवता, रात्रीचे ब्लॉक घेत घेत ते काम करताना वर्षं लोटली. ज्याने कधी मेगाब्लॉकचं नियोजन केलंय त्याला यात नवल वाटणार नाही. चार तासांचा ब्लॉक मिळतो, त्यात वीज बंद करून अर्थिंग करण्यात आणि शेवटी सगळं पूर्ववत करून मार्ग सोपवण्यात दीड तास जातो. हातात राहतात अडीच तास.

शिवाय या दक्षिण भागातली वीजसुद्धा २५ हर्ट्झची, साऱ्या देशात ६० हर्ट्झ असताना. ॲसेलाला वाटेत तीन प्रकारच्या विजेवर चालावं लागतं. जुन्या लोकांना इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायला गाडी थांबायची ते आठवत असेल. इथे तो बदल धावता धावता होतो.

ट्रेंटन पट्टा संपला की एलिझाबेथचं एस आकाराचं वळण, ताशी ८८ किलोमीटर. मग नेवार्क, आणि पुढे हॅकेनसॅक नदीवरचा पोर्टल पूल. १९१० चा हा पूल बोटींसाठी आडवा फिरून उघडतो. कधीकधी परत नीट बसत नाही आणि कामगारांना घण घेऊन रूळ ठोकून जागेवर आणावे लागले आहेत. अमेरिकेतल्या सगळ्यात गजबजलेल्या रेल्वेमार्गाची ही अवस्था! शेजारच्या नव्या, न उघडणाऱ्या उंच पुलाचं काम २०२२ मध्ये सुरू झालं. माझ्या मते साऱ्या कॉरिडॉरवर सत्कारणी लागलेला पैसा कुठला असेल तर तो हा.

पुलानंतर हडसन नदीखालच्या दोन नळ्या, त्याही १९१० च्या. जायला एक, यायला एक. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात त्यांत समुद्राचं पाणी शिरलं. पाणी उपसलं, पण मीठ काँक्रीटमध्ये आणि केबलींमध्ये मुरून राहिलं, ते आतून खातंय. दुरुस्तीला एक नळी बंद करावी तर गर्दीच्या वेळी ताशी २४ गाड्या जातात त्या जागी सहाच जाऊ शकतील. म्हणून आधी नवा बोगदा, मग जुन्याची दुरुस्ती, असा क्रम ठरलाय. याआधीचा हडसनचा बोगदा-प्रकल्प २०१० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी खर्चाच्या कारणावरून रद्द केला होता. तो झाला असता तर सँडीनंतर लोकल गाड्यांना दुसरी वाट असती आणि या नळ्यांवर एवढा भार राहिला नसता.

न्यूयॉर्कच्या पुढे बोस्टनकडे गोष्ट आणखी अवघड होते. न्यू रोशेल ते न्यू हेवन हा ९० किलोमीटरचा तुकडा ॲमट्रॅकचा नाहीच, तो न्यूयॉर्क आणि कनेटिकट राज्यांकडे आहे, आणि त्यावर लोकल गाड्यांचं राज्य. कल्याणच्या अलीकडे मेलगाडी लोकलच्या मागे अडकते तसंच. ॲसेलाला वळणात झुकण्याची सोय दिली, म्हणजे डबा आत कलतो आणि प्रवाशाला बाजूचा ओढ कमी जाणवतो. पण या तुकड्यात शेजारशेजारच्या रूळांमधलं अंतर कमी, जुनी ॲसेला झुकली तर शेजारून येणाऱ्या गाडीला घासण्याचा धोका. म्हणून नेमक्या वळणावळणाच्या भागात तिचं झुकणं बंद! त्यापुढे समुद्राकाठाने उघडझाप करणारे पूल, नॉर्वॉकचा १८९६ चा, कॉस कॉबचा १९०४ चा, कनेटिकट नदीवरचा १९०७ चा. बोटवाल्यांना वाट द्यायची म्हणून किती गाड्या सोडायच्या यावरही बंधन. २४१ चा वेग जुन्या ॲसेलाला बहुतेक वर्षं मिळायचा तो पार पुढे ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये. न्यू हेवन ते बोस्टन विजेची तार पोहोचली तीच मुळी २००० साली, तोपर्यंत न्यू हेवनला इंजिन बदलावं लागे.

आता गाडीकडे येऊ, कारण पैसे गेले कुठे हा मूळ प्रश्न आहे.

पहिली ॲसेला ११ डिसेंबर २००० ला सुरू झाली. टीजीव्ही या फ्रान्सच्या वेगवान गाडीच्या यंत्रांवर आधारलेली, पण अमेरिकन नियमांमुळे पार वेगळी झालेली. तिथला नियम असा होता की डब्याच्या सांगाड्याने टोकाकडून सुमारे ३६० टनांचा दाब वाकल्याशिवाय सोसला पाहिजे, कारण त्याच रूळांवर अवजड मालगाड्याही धावतात. युरोपात हा आकडा २०० टनांच्या आसपास. ॲसेलासाठी तर त्याहून कडक नियम लावले. परिणाम असा, की टीजीव्हीच्या एका आसावर १७ टनांपेक्षा जास्त भार येऊ देत नाहीत, आणि ॲसेलाच्या इंजिनात तो २३ टनांच्या आसपास गेला. भार वाढला की रूळ लवकर झिजतो, खडी लवकर दबते, ब्रेकला जास्त काम पडतं. एप्रिल २००५ मध्ये ब्रेकच्या तबकड्यांना तडे सापडले, १४४० पैकी सुमारे ३०० तबकड्यांना, आणि सगळ्या गाड्या काही महिने बाजूला काढाव्या लागल्या. धडक होऊ नये म्हणून सिग्नल यंत्रणेवर खर्च करायचा, की धडक झालीच तर टिकावी म्हणून गाडी जड करायची, यात जपान-युरोपने पहिली वाट घेतली, अमेरिकेने दुसरी. २०१८ मध्ये अमेरिकेनेही नियम बदलले, आता ठरलेल्या जागी चुरगळून धडकेचा जोर शोषणारी रचना मान्य आहे. हा बदल फार उशिरा झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या गाड्यांचं कंत्राट २०१६ मध्ये आल्स्टॉमला दिलं. २८ गाड्या, न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेलला बांधलेल्या, त्यासाठी आणि त्या अनुषंगाने स्टेशनं, देखभाल डेपो आणि रूळांच्या कामासाठी २४५ कोटी डॉलरचं सरकारी कर्ज. २०२१ ला येणार होत्या, आल्या २८ ऑगस्ट २०२५ ला. उशिराची कारणं अनेक, पण रूळवाल्याच्या नजरेतून एक महत्त्वाचं. गाडी धावू देण्याआधी चाक आणि रूळ यांचं वागणं संगणकावर मांडून सिद्ध करावं लागतं, आणि मग प्रत्यक्ष चाचणीत मोजलेले धक्के त्या मांडणीशी जुळावे लागतात. नव्या, एकसारख्या रूळमार्गावर हे जमून जातं. इथे रूळमार्ग ठिगळांचा आहे, एक पट्टा नव्या काँक्रीट स्लीपरचा, पुढे जुना पूल, लगेच पॉइंट्स, मग चिखल झालेली खडी. गाडीच्या हलण्याचा अंदाज प्रत्येक ठिगळावर वेगळा चुकतो. गाडी नवी आणि मार्ग जुना ठेवला की ही किंमत मोजावीच लागते.

मग हा पैसा वाया गेला का? नाही. जुन्या २० गाड्या होत्या, प्रत्येकीत ३०४ जागा. नव्या २८, प्रत्येकीत ३८६. सगळ्या रुळांवर आल्यावर एकूण जागा सहा हजारांवरून पावणेअकरा हजारांच्या वर जातात. गाड्या वाढल्या की फेऱ्या वाढवता येतात, आणि तासाला एक ऐवजी अर्ध्या तासाला एक गाडी मिळाली तर प्रवाशाचा सरासरी थांबण्याचा वेळ पंधरा मिनिटांनी कमी होतो. तेवढी पंधरा मिनिटं रूळांवर वाचवायला किती बोगदे लागले असते ते वर सांगितलंच. जुन्या गाड्यांचे सुटे भागही मिळेनासे झाले होते, त्यांचं आयुष्य संपलंच होतं. तेव्हा गाड्या घेणं बरोबर होतं. चुकलं ते त्या कमाल वेगाच्या नावाने विकणं.

ज्यांनी वेळ खरोखर कमी केला त्यांनी काय केलं? जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९६४ मध्ये टोकियो ते ओसाका नवा मार्ग टाकला. जुना मार्ग अरुंद गेजचा होता, त्यामुळे तडजोडीचा मोहच नव्हता. सगळं नवीन, फाटक एकही नाही, मालगाडी नाही. खर्च अंदाजाच्या दुपटीच्या जवळ गेला, अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ दोघांना उद्घाटनाआधी पायउतार व्हावं लागलं. मार्ग मात्र उभा राहिला. फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस-ल्यों मार्गावर दुसरी युक्ती केली: शहरात जुने रूळ आणि जुनं स्टेशन, शहराबाहेर पडल्यावर नवी लाईन. शहरातली महागडी जमीन आणि पाडापाडी वाचली, वेग बाहेरच्या मोकळ्या भागात मिळाला. अमेरिकेला शोभणारी वाट हीच आहे, असं मी पूर्वीपासून म्हणत आलोय.

ॲमट्रॅकलाही हे कळत नव्हतं असं नाही. २०१० मध्ये तिने ताशी ३५० किलोमीटरच्या स्वतंत्र मार्गाचा आराखडा मांडला, न्यूयॉर्क-वॉशिंग्टन दीड तासाच्या थोडं वर, खर्च ११७ अब्ज डॉलर. दोन वर्षांत आकडा १५१ अब्जांवर गेला आणि आराखडा कपाटात गेला. नंतर केंद्र सरकारच्या रेल्वे प्रशासनाने कनेटिकटच्या वाकड्या किनाऱ्याला वळसा घालणारी नवी लाईन सुचवली, ओल्ड सेब्रुकपासून ऱ्होड आयलंडपर्यंत. ती जुन्या गावांतून जाणार म्हणताच लोक पेटून उठले, आणि २०१७ च्या अंतिम निर्णयात ती वगळली. बुलेट ट्रेनसाठी पालघरमधल्या जमीन-संपादनाची वर्षं ज्यांनी जवळून पाहिलीत त्यांना यातलं काहीही नवीन वाटणार नाही. लोकांचा राग मला समजतो. गाडी त्यांच्या गावात थांबणार नसते आणि जमीन मात्र त्यांची जाते. मोबदला देण्याआधी त्यांना लोकलची चांगली सेवा, रस्ता, पूल यातलं काहीतरी हातात दिसलं पाहिजे.

आता वंदे भारत. गाडी १६० साठी पात्र आहे, रचना १८० ची. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि मुंबई-पुणे साधारण तीन तास घेते, डेक्कन क्वीन सव्वातीन. कारण मधे बोरघाट आहे, १ ला ३७ चा चढ, सलग वळणं आणि बोगदे. घाटात वंदे भारतचा खरा फायदा वेगळाच आहे: तिची मोटार बऱ्याच डब्यांखाली वाटलेली असल्याने तिला मागून ढकलणारं बँकर इंजिन लावावं लागत नाही, कर्जतला ते जोडण्यासाठी थांबायला नको. तो वाचलेला वेळ १६० च्या वेगाचा नाही. घाटाला वळसा नाही तोवर मुंबई-पुणे दोन तासांत आणायच्या गोष्टी कोणी केल्या तर घाटाचं काय करणार एवढंच विचारा.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच्या उलट टोकाला आहे. ५०८ किलोमीटर, बहुतांश उन्नत मार्गावर, जुन्या रूळांशी संबंध नाही, गेजही वेगळा. बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली. खर्चाबद्दल आणि अग्रक्रमाबद्दल वाद घालायला भरपूर जागा आहे, पण ३२० च्या वेगाला जे लागतं ते तिथे आहे: मोठ्या त्रिज्येची वळणं, फाटकं नाहीत, हळू गाडी पुढे नाही. अडीच तासांच्या आत अहमदाबाद हा दावा म्हणूनच गणितात बसतो. अमेरिकेतलं दुखणं तिथे येणार नाही. दुसरं येऊ शकतं, ते स्टेशनपासून घरापर्यंतचं. बीकेसीहून डोंबिवलीला पोहोचायला दीड तास लागला तर वाचवलेला वेळ तिथे खर्च होईल.

मला कोणी कॉरिडॉरसाठी पुढचे पैसे कुठे घालू असं विचारलं तर क्रम असा लावीन. आधी हडसनचा बोगदा, कारण तो गेला तर वेग सोडा, सेवाच जाईल. त्याला जोडून न्यूयॉर्कच्या दक्षिणेची उरलेली जुनी तार. मग बाल्टिमोर, मग कनेटिकटचे पूल. त्यानंतर वळणं एकेक करून, आणि न्यू हेवन-प्रॉव्हिडन्स नवी लाईन पुन्हा चर्चेत आणायची, यावेळी गावांशी आधी बोलून. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने रेल्वेला ६६ अब्ज डॉलर दिले, ॲमट्रॅकच्या स्थापनेनंतरची सगळ्यात मोठी रक्कम, आणि त्यातला मोठा हिस्सा याच कामांकडे वळलाय. अडचण अशी, की ही कामं दहा-पंधरा वर्षांची आणि अर्थसंकल्प वर्षावर्षाचा. सरकार बदललं की काम रखडतं, ठेकेदाराची कुशल माणसं दुसरीकडे जातात, परत जमवायला दुप्पट खर्च.

शेवटी, एडिसनहून विचारणाऱ्यांनी जाता जाता असंही विचारलंय की वॉशिंग्टनला जायला ॲसेला घ्यावी की साधी नॉर्थईस्ट रीजनल. स्वतःच्या पैशाने जात असाल तर रीजनल घ्या. तीही सरळ पट्ट्यावर २०० ने धावते, बोगदे आणि वळणं तिला तीच, त्यामुळे फरक साधारण अर्ध्या तासाचा पडतो आणि भाड्यात फरक बराच असतो. शिवाय ती मेट्रोपार्कला थांबण्याची शक्यता जास्त, नेवार्कपर्यंत उलटं जायला नको. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. ऑफिस पैसे देत असेल आणि दहाची मीटिंग गाठायची असेल, तर ॲसेला. फक्त जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हात दुपारची गाडी पकडून पुढचं काही अगदी मिनिटावर ठरवू नका, तारेमुळे वेगमर्यादा लागलेली असू शकते.